मोटारीचा ऑटो ते पायथन : केंदूर-पाबळ पट्ट्यातून दिसणारा स्वयंचलनाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला तांत्रिक आहे : हाताच्या पंजाएवढा संगणक, त्यावर पायथन भाषेत लिहिलेला चार ओळींचा प्रोग्राम, आणि त्याच्या जोरावर चालू-बंद होणारी घरातली उपकरणे. यूट्यूबवर ‘कसे करावे’ सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला मात्र यात इतिहास दिसतो, आणि तो मी केंदूर गावातून सांगणार आहे.

केंदूर म्हणजे शिरूर तालुक्यातले, कान्हूराज महाराजांचे गाव. पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर थांबतो, इकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. शेजारी पाबळ. पाबळ म्हटले की बहुतेकांना मस्तानीची कबर आठवते. आज आपल्याला पाबळ दुसऱ्याच कारणासाठी लागणार आहे, त्याकडे मी येतो.

घरगुती स्वयंचलनाचा जो इतिहास पुस्तकांत सापडतो, तो दिवाणखान्यातून सुरू होतो. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘एक्स-टेन’ नावाची पद्धत काढली. घरात आधीच असलेल्या विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवायचा आणि दिवा लावायचा, वेगळी वायर नको. पलंगावर पडल्या पडल्या खालच्या मजल्यावरचा दिवा घालवणे हा तिथला प्रश्न होता. कल्पना हुशार होती, यात वाद नाही. पण ती एक गोष्ट गृहीत धरते : वीज कायम आहे, आणि उठून बटण दाबायचा तेवढा कंटाळा आहे.

आपल्याकडे प्रश्न बरोबर उलटा होता. माणूस उठायला तयार आहे, अर्धा कोस चालायलाही तयार आहे, पण लाईट कधी येणार हेच त्याला माहीत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की महाराष्ट्रात स्वयंचलनाचा खरा इतिहास घरातून सुरू होत नाही. तो विहिरीवरच्या मोटारीपासून सुरू होतो, आणि तिथून उलट चालत घरात येतो.

आता मोटार म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण स्टार्टरच्या पेटीत काय असते ते जरा बघू, कारण सगळी गोष्ट त्या पेटीत आहे. हिरवे बटण दाबले की एका कॉइलमध्ये वीज जाते, तिचा लोहचुंबक होतो, तो जाड संपर्कपट्ट्या खाली खेचतो आणि तीन फेज मोटारीला मिळतात. बोट काढले तरी कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. लाल बटण दाबले, किंवा लाईट गेली, की चुंबक सुटतो. लहान विजेने मोठी वीज हाताळायची ही युक्ती रिलेची आहे. अमेरिकेतले जोसेफ हेन्री यांनी ती १८३० च्या दशकात करून दाखवली, पुढे तारायंत्राने ती जगभर नेली. आज आपण ज्याला होम ऑटोमेशन म्हणतो त्याच्या तळाशी बहुतेक वेळा हीच जुनी टिकटिक आहे. वरचे सगळे फक्त ‘टिक कधी करायची’ हे ठरवण्यासाठी असते.

लक्षात घ्या, लाईट परत आली तरी स्टार्टर आपोआप चालू होत नाही. हा त्याचा दोष नाही. ती मुद्दाम ठेवलेली सुरक्षितता आहे. कोणी मोटार उघडून बसला असेल, वायर जोडत असेल, आणि अचानक लाईट आली, तर त्याचा जीव जाऊ नये म्हणून.

पण शेतीपंपांना थ्री फेज वीज मिळते ती पाळीने. वर्षानुवर्षे हिशोब असा राहिला : एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. त्यात मध्येच जाणे-येणे वेगळे. रात्रीची पाळी म्हणजे रात्री बाराला किंवा दोनला उठायचे, बॅटरी घ्यायची, बांधावरून चालत जायचे. साप-विंचू होतेच. गेल्या काही वर्षांत जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसाच्या आडोशाने बिबट्या वाढला. दिवसा वीज द्या ही मागणी इकडे बिलापेक्षा जिवाशी जोडलेली आहे. हे नीट समजले नाही तर पुढचा इतिहास नुसता छंद वाटेल.

या गरजेतून ‘ऑटो’ आला. शेतकरी त्याला ऑटोच म्हणतो. लाईट आली की हा डबा स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, बस्स. यात संगणक नाही, प्रोग्राम नाही, एक-दोन रिले आणि थोडी जोडणी. गावोगावच्या वायरमननी तो बसवला आणि शेतकऱ्याची झोप वाचवली. आपल्या ग्रामीण भागात सर्वांत जास्त पसरलेले स्वयंचलन कोणते असे मला विचाराल तर मी ऑटो म्हणेन. कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळालेली नाही.

आणि याच ऑटोने डीपी जाळल्या. कसे ते बघा, सोपे गणित आहे. पाच अश्वशक्तीची मोटार चालू असताना साधारण आठ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र काही सेकंद पाच-सहा पट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अँपिअर. शंभर केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. त्यावर पंधरा मोटारी चालू असतील तर १२० अँपिअर झाले, डीपी ते पेलते. पण लाईट आल्या क्षणी पंधराही ऑटोंनी एकाच वेळी बटण दाबले तर? साडेसहाशेच्या वर. क्षमतेच्या पाच पट. व्होल्टेज खाली कोसळते, त्यामुळे मोटारींना वेग घेता येत नाही. वेग येत नाही म्हणून त्या जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात. मग फ्यूज उडतो, नाहीतर एखाद्याची मोटार जळते, नाहीतर डीपीच जाते. नवीन डीपी येईपर्यंत पंधराही जणांचे पीक उभे वाळते. महावितरण म्हणून वारंवार सांगते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. शेतकऱ्याला दोन्ही पटते, पण मी एकट्याने काढला तर रात्री उठायचे मीच, आणि डीपी तरी वाचणार आहे का?

हा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे असे वरवर वाटते. मला तो पाण्याच्या पाळीचा वाटतो. धुळे-नाशिककडे पांझरा नदीवर जुनी फड पद्धत होती, तिथे पाटकरी ठरवायचा आज कोणाच्या फडाला पाणी. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या नायगावात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीप्रमाणे न वाटता माणशी वाटले. म्हणजे एका स्रोतावर अनेक जण असतील तर नियम लागतो, हे आपल्याला ठाऊक होते. पाण्याला नियम केला. डीपी हाही सामाईक स्रोतच आहे, पण तिला पाटकरी कोणी नेमला नाही. ऑटो हा फक्त ‘मी पहिला’ एवढेच जाणणारा डबा होता.

पुढचा टप्पा मोबाईलचा. पुण्याचे विद्युत अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण बनवले. वयोवृद्ध आजोबा मोटार चालू-बंद करायला चालत जातात हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते, त्यातून हा विचार सुरू झाला असे ते सांगत आले आहेत. स्टार्टरला जोडलेला मोबाईल, त्याला घरून फोन लावायचा. विहिरीवर लाईट आहे की नाही ते आवाजावरून कळते, आणि अंक दाबून मोटार चालू किंवा बंद करता येते. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे की निर्णय पुन्हा माणसाकडे आला. ऑटो डोळे मिटून बटण दाबत होता, इथे माणूस विचारून दाबतो. पण अंथरुणातून का होईना, रात्री दोनला जागे राहायचे काम माणसाकडेच राहिले.

आता पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ. इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात पीएच.डी. केलेली, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून. दुष्काळी, साधे, कोणतीही खास सवलत नसलेले गाव हवे होते, म्हणून पाबळ. शाळा सुटलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, बांधकाम असे सगळे करून शिकवले. भूगर्भात पाणी कुठे आहे ते शोधायला जमिनीचा विद्युतरोध मोजणारे यंत्र तिथे बनले आणि मुले ते घेऊन गावोगावी गेली. जीपच्या सुट्या भागांतून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर बनला. ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या नावाने आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. त्यात मुलगा किंवा मुलगी फक्त ओहमचा नियम पाठ करत नाही, शेजारच्या घरी जाऊन बोर्ड बसवून येते.

याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे २५० शाळांत संगणक दिले. ते होते ब्रिटनचे बीबीसी मायक्रो, एकॉर्न कंपनीने बनवलेले. त्या संगणकाला बाहेरची उपकरणे जोडायला जागा होती, ब्रिटनमधली पोरे त्याला मोटारी आणि दिवे जोडत. आपल्याकडे मात्र संगणक म्हणजे चपला बाहेर काढून जायच्या खोलीतली वस्तू झाली. हात लावू नका! एकीकडे पाबळला मुले यंत्र उघडत होती, दुसरीकडे शाळेत संगणकावर कापडाचे झाकण होते. या दोन वाटा तेव्हाच एकत्र आल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मला राहून राहून सतावतो.

त्या एकत्र आल्या, पण २००२ मध्ये. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाचे टायमिंग बघणे असे प्रश्न कलबागांनी पुढे ठेवले. लहानशा चिपवर स्वतः प्रोग्राम लिहून उपकरण बनवायचे, ही गोष्ट केंदूरच्या शेजारी तेव्हापासून चालू आहे. कलबाग २००३ मध्ये गेले, काम थांबले नाही.

मग रास्पबेरी पाय. इथे जरा भराभर जातो. केंब्रिजमध्ये इबेन अप्टन यांच्या लक्षात आले की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना यंत्राशी खेळण्याची सवय उरलेली नाही, बीबीसी मायक्रोची पिढी संपली. म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा, एकाच पाटीवर सगळे असलेला संगणक विक्रीला आला. त्याच्या पोटातल्या चिपचा आराखडा एआरएम, म्हणजे मूळ एकॉर्नचाच वारसा. आणि ‘पाय’ हे नाव पायथनवरून. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमला लिहायला घेतली, १९९१ मध्ये लोकांना दिली. तिच्यावर ‘एबीसी’ नावाच्या भाषेचा प्रभाव आहे, आणि एबीसी ही प्रोग्रामर नसलेल्यांसाठी बनवली होती. पायथन वाचता येते, त्याचे मूळ तिथे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनचे धडे मराठी आवाजातही ऐकायला मिळतात.

आता हे विहिरीला कसे जोडायचे? पायच्या कडेला पिना असतात, नव्या मॉडेलांत चाळीस. त्यातून ३.३ व्होल्ट मिळतात, तेही काही मिलिअँपिअर. स्टार्टरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट. मध्ये रिलेचे तयार मॉड्यूल लागते, त्यावर ट्रान्झिस्टर आणि डायोड बसवलेले असतात. रिलेचे संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडायचे. तेवढी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, तिथे उत्साह कामाचा नाही. मग प्रोग्राम : लाईट आली का बघ, थांब, रिले एक सेकंद दाबून सोड. गंमत म्हणजे २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पायथनपासून प्रोग्राममधली नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘मोटार’, ‘टाकी’, ‘पाळी’ असे सरळ लिहा, चालते.

पण केंदूरमध्ये पाय बसवला तर तीन खोड्या काढतो, आणि तिन्ही खोड्या सांगतात की तो कुठल्या देशात जन्मला. एक, त्याची सगळी स्मरणशक्ती मेमरी कार्डावर. लिहीत असताना लाईट गेली की कार्ड बिघडू शकते. दोन, २०२३ च्या पाचव्या मॉडेलपर्यंत त्यात स्वतःचे घड्याळच नव्हते. तो इंटरनेटवरून वेळ विचारतो. लाईट गेली, आली, रेंज नाही, मग ‘रात्री दहाला’ हा नियम कोणत्या रात्री दहाला लागेल ते सांगता येत नाही. दहा-वीस मिलिमीटरच्या गोल सेलवर चालणारे घड्याळाचे मॉड्यूल जोडणे हा त्यावर उपाय. तीन, बरीच रिले मॉड्यूल उलटी वागतात, पिनेवरची वीज काढली की चालू होतात. पाय सुरू होताना क्षणभर रिले टिक करू शकते, आणि ती टिक म्हणजे हिरवे बटण. म्हणून मी म्हणेन की पाय घरात ठेवा, लहान इन्व्हर्टरवर. विहिरीवर मायक्रोकंट्रोलर ठेवा. २०१४ पासून मायक्रोपायथन आहे, म्हणजे भाषा तीच राहते, आणि मेमरी कार्डाची भानगड नाही.

घरातले काम त्यामानाने सोपे आहे. गावठाणाचा फीडर वेगळा असतो, तिथे सिंगल फेज बराच वेळ असते. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट सोडा, भरली की मोटार बंद. ओसरीचा दिवा अंधार पडला की चालू. पुण्यातल्या सोसायट्यांत हे कधीचे झाले आहे, त्यासाठी कोणी व्याख्यान देत नाही.

खरा फरक पडतो तो ‘थांब’ या ओळीत. मघाचे पंधरा जण आठवा. प्रत्येकाला एक क्रमांक द्या. लाईट आली की प्रत्येक यंत्राने आपला क्रमांक गुणिले तीस सेकंद थांबायचे. पहिली मोटार अर्ध्या मिनिटाने, पंधरावी साडेसात मिनिटांनी. एका वेळी सुरू होणारी मोटार एकच. शेवटची सुरू होताना बाकीच्या चौदा मिळून सुमारे ११२ अँपिअर घेत असतात, त्यात काही सेकंद पंचेचाळीसची भर. एवढे डीपी सहज सोसते. आणि पंधरावा क्रमांक कायम एकाचाच नको असेल तर दर आठवड्याला क्रमांक फिरवायची आणखी एक ओळ. हीच ओळ दुकानातून आणलेल्या बंद डब्यात घालता येत नाही, कारण त्या डब्यात काय लिहिले आहे ते आपल्याला दिसत नाही. पायथनमधले दिसते. कागदावर छापून पारावर वाचता येते, आणि कोणी म्हणाले की याच्या यंत्राने नियम मोडला, तर उघडून बघता येते.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे देतो.

पहिला एका तरुणाचा : नुसते थांबवायचेच असेल तर साधा टायमर चालेल की, संगणक कशाला?

चालेल. मी तर म्हणेन, डीपीवरचे सगळे तयार होत असतील तर उद्या सकाळी टायमरच बसवा, शिवाय कपॅसिटर. संगणकाची गरज पाळी बदलते तेव्हा लागते. दिवसाचा आठवडा, रात्रीचा आठवडा, कांद्याला कमी पाणी, उसाला जास्त, विहिरीचे पाणी तळाला गेले तर मोटार कोरडी चालू नये, असे चार-पाच नियम एकत्र आले की टायमरची चकती पुरत नाही.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या एका आजोबांचा : पंधरापैकी चौदा जणांनी ऐकले आणि एकाने जुना ऑटो तसाच ठेवला तर?

तर त्याची मोटार सगळ्यांच्या आधी सुरू होईल, एकटीच, अगदी आरामात. डीपीला काही होणार नाही. दोघांनी तसाच ठेवला तरी भागेल. सात-आठ जणांनी ठेवला तर मात्र पुन्हा फ्यूज उडेल. तेव्हा त्या एकासाठी बाकीच्यांनी अडून राहू नका.